आहारशास्त्राची पदवी : एवढी वर्षं शिकवतात तरी काय?

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. भाचीने विद्यापीठात आहारशास्त्राच्या पदवीला प्रवेश घ्यायचं मनावर घेतलंय. गुण चांगले आहेत, इतर चार ठिकाणीही सहज मिळेल. घरात दोन तट पडलेत. आईचं म्हणणं, आवड आहे तर करू दे. वडिलांचं म्हणणं, काय खावं नि काय खाऊ नये हे सांगायला पदवी कशाला, डाएट चार्ट मोबाईलवर फुकट मिळतात. मी मामा, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा.

खरं सांगायचं तर मलाही फारशी कल्पना नाही. तीन-चार वर्षं पुरेल एवढं त्यात असतं काय? रसायनशास्त्र, गणित कितपत लागतं? पुढे काम कसलं मिळतं? कॉलेज निवडताना काय बघावं? शिकलेल्या, शिकवणाऱ्या, मध्येच सोडून दिलेल्या, सगळ्यांनी लिहा.

उंटावरचा_शहाणा

कमी खा, जास्त चाला. झाली पदवी. फी माझ्या खात्यावर पाठवा.

काठावर_पास

शहाणे, आमच्या वर्गातही निम्मे जण हेच समजून आले होते. जीवरसायनाचं पहिलं सत्र सुरू झालं आणि सगळे गप्प झाले.

खटपट्याकाका, मी तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षात 'काय खावं' हा विषय जवळजवळ येतच नाही. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, थोडं संख्याशास्त्र. क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणारं रासायनिक चक्र, पाठ करताना सगळे कुरकुरतात. पण इन्सुलिन कमी पडलं की चरबी भराभर का फुटते, त्यातून निघालेला माल त्या चक्रात का मावत नाही आणि यकृत त्याचे किटोन का बनवतं, हे समजायला दुसरा रस्ता नाही. तेवढं कळलं की मधुमेहाचा निम्मा धडा आपोआप सुटतो.

गणित म्हणाल तर त्रैराशिक, टक्केवारी आणि एकक बदलणं. कठीण काहीच नाही, पण रोज आहे. एक नमुना देतो. ४० वर्षांची बाई, वजन ६० किलो, उंची १६० सेंटिमीटर. पूर्ण विश्रांतीत तिच्या शरीराला किती ऊर्जा लागते? मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने (१९९०) वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, त्यातून वयाची पाचपट वजा, बाई असल्यामुळे आणखी १६१ वजा. उत्तर १२३९ किलोकॅलरी. आता हॅरिस-बेनेडिक्टचं जुनं सूत्र (१९१९) घ्या, उत्तर येतं साधारण १३३८. दोन्ही सूत्रं पुस्तकातली, दोघांत शंभराचा फरक, आणि बाई अजून अंथरुणातून उठलेलीसुद्धा नाही! पुढे तिच्या हालचालीचा गुणक १.४ धरायचा की १.६, यावर आणखी अडीचशे इकडे-तिकडे होतात. आमचे सर उत्तराला कमी आणि 'हेच सूत्र का घेतलं' याला जास्त गुण देतात.

मोबाईलवरच्या चार्टमध्ये तो 'का' कुठे असतो?

उंटावरचा_शहाणा

मग शेवटी १२३९ की १३३८? उत्तर मिळालंच नाही. :)

काठावर_पास

सध्याच्या पद्धतीत निरोगी माणसासाठी मिफ्लिन. पण ते सुरुवातीचा अंदाज म्हणूनच वापरायचं. दोन-तीन आठवड्यांनी वजन कुठे चाललंय ते बघून आकडा बदलायचा. खरं मोजायचं असेल तर श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र असतं, ते प्रयोगशाळेत एकमेकांवर वापरून बघायला मिळतं. सकाळी उपाशीपोटी यावं लागतं, त्यामुळे त्या दिवशी वर्गात भांडणं फार.

वॉर्डातली_ताई

धागा आवडला, म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढली. खटपट्या, भाचीच्या वडिलांना पुढचं वाचायला द्या.

कित्येक दिवस पोटात काहीच न गेलेला, खंगलेला रुग्ण येतो. समजा वजन ४० किलो. घरच्यांना वाटतं, आता चांगलं भरपूर द्या, ताकद येईल. नेमकं तेच धोक्याचं असतं. उपासमारीत शरीर चरबीवर चाललेलं असतं. अचानक पिष्टमय अन्न आलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत खेचलं जातं. साठा आधीच रिकामा, त्यात रक्तातली पातळी कोसळते. थायमिनही (ब-१ जीवनसत्त्व) संपत आलेलं असतं आणि साखर जाळायला तेच लागतं. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे दिसलं होतं.

म्हणून धोका जास्त असलेल्यांना ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दिवसाला किलोमागे फार तर १० किलोकॅलरीने सुरुवात करायची, म्हणजे या रुग्णाला ४००. अगदी टोकाच्या अवस्थेत किलोमागे ५. थायमिन अन्नाच्या आधीपासून सुरू, रक्ताच्या तपासण्या रोज, आणि मग चार ते सात दिवसांत हळूहळू वर. पहिल्या दिवशी नातेवाईक विचारतात, 'फक्त एवढंच? माणसाला उपाशी मारताय का?' त्यांना हे सगळं दोन मिनिटांत, न घाबरवता समजावणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

आता नळीच्या आहाराचं. मिलिलिटरला १ किलोकॅलरी असलेलं फीड, १५०० मिली, २० तासांत द्यायचं, म्हणजे तासाला ७५ मिली. कागदावर झकास. दुसऱ्या दिवशी पंपावरचा आकडा बघा, ९०० मिली गेलेले असतात. मध्ये स्कॅनला नेलं, फीड बंद. फिजिओथेरपीला बंद. नळी जागेवर आहे का याची शंका आली, बंद. एका प्रक्रियेसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलं, ती प्रक्रिया दुपारी रद्द झाली, तरी पंप कोणी सुरू केला नाही. आहारतज्ज्ञ वॉर्डात जाते ती हे आकडे बघायला. 'गेलेलं किती' हे नर्सिंगच्या नोंदीतूनच कळतं, म्हणून सिस्टरांशी पटवून घ्यावं. हा सल्ला कुठल्याही पुस्तकात नाही.

आणखी एक गंमत. रुग्णाला झोपवून ठेवायला प्रोपोफॉल नावाचं औषध चालू असतं. ते चरबीच्या द्रावणात असतं, मिलीला १.१ किलोकॅलरी. तासाला १५ मिली चालू असेल तर दिवसाला ३६० मिली, म्हणजे ३९६ किलोकॅलरी नुसत्या औषधातून. ते न धरता पूर्ण फीड लिहिलं तर ऊर्जा जास्त होते. ते धरून फीड कमी केलं तर प्रथिनं कमी पडतात, मग ती वेगळी घालावी लागतात. 'कमी खा, जास्त चाला' वाल्यांनी हे गणित सोडवून दाखवावं.

उंटावरचा_शहाणा

ताई, दंडवत. उंटावरून उतरलो.

दवबिंदू

+१ ताई. मी वाचनमात्र असते, पण प्रोपोफॉलचं माहीतच नव्हतं. माझी बहीण परिचारिका आहे, तिला लिंक पाठवली.

रानजाई

मी शिकवते, समुपदेशनाचा भाग. सगळे विज्ञानाबद्दल लिहितायत, ते बरोबरच आहे. पण आमची हुशार मुलं अडखळतात ती समोर माणूस बसल्यावर.

चोवीस तासांच्या आठवणीवरून आहार नोंदवायचा, हा पहिला सराव. ऐकायला सोपा. विद्यार्थी विचारतो, 'नाश्ता केलात का?' समोरचा म्हणतो, 'हो.' संपलं. प्रश्नातच उत्तर दिलेलं, शिवाय नाश्ता करायलाच हवा असा सूर. त्याऐवजी 'काल उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?' असं विचारा. मग 'त्यानंतर?' आणि गप्प बसा. गप्प बसणं हे सगळ्यात अवघड. मग दुसरी फेरी, विसरलेल्या गोष्टींची : कपात साखर किती, भांडं केवढं, तेल कोण ओततं आणि चमच्याने की थेट बाटलीतून, स्वयंपाक करताना चव घेतली ती धरली का. 'दूध घेता का?' याला 'नाही' म्हणणारा माणूस दिवसाला पाच कप चहा पितो आणि प्रत्येक कपात अर्धं दूध असतं.

शिवाय लोक कमी सांगतात. मुद्दाम नव्हे, बहुतेक वेळा नकळत. समस्थानिकं घातलेलं पाणी पाजून माणसाचा खरा ऊर्जाखर्च मोजता येतो. तो आकडा आणि सांगितलेलं खाणं यांची तुलना झालेली आहे आणि सांगितलेलं पुन्हा पुन्हा कमी भरतं. म्हणून विद्यार्थ्याला हे दोन्ही एकदम जमावं लागतं : समोरच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, आणि आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही.

काठावर_पास

मॅडम, पीईएस वाक्यावर (पोषणाचं निदान लिहायचं ठरावीक वाक्य) लिहा ना, आम्हाला त्यानेच छळलंय.

रानजाई

हाहा, लिहिते. डॉक्टर रोगाचं निदान करतात, आहारतज्ज्ञ पोषणाचं निदान करतो. समस्या, तिचं कारण आणि पुरावा, तिन्ही एका वाक्यात. उदा. 'गिळण्याच्या त्रासामुळे ऊर्जेचं सेवन अपुरं. पुरावा : तीन महिन्यांत वजनात ८ टक्के घट आणि गरजेच्या निम्माच आहार.' यात 'पक्षाघात' हा शब्द कारण म्हणून लिहिला की मी गुण कापते. पक्षाघात आहारतज्ज्ञ बरा करू शकत नाही. गिळायला सोपं असं अन्न देऊ शकतो. कारण असं लिहायचं की ज्यावर आपला हात चालेल. हे वाक्य नीट जमलं की उपाय आणि पाठपुरावा दोन्ही त्यातूनच निघतात, आणि नाही जमलं तर पुढचा डाएट प्लॅन कितीही देखणा असला तरी तो कुणाचाही असू शकतो.

वॉर्डातली_ताई

सहमत. आणि गिळण्यावरून आठवलं, स्वयंपाकघरातल्या प्रात्यक्षिकाला मुलं हसण्यावारी नेतात, पण दाट पेयाची चाचणी तिथेच शिकतात. १० मिलीची सिरिंज, खालून बोट लावून पेयाने भरायची, बोट काढून १० सेकंद मोजायचे, मग उरलं किती ते बघायचं. १ ते ४ मिली उरलं तर थोडंसं दाट, ४ ते ८ उरलं तर त्याहून दाट, ८च्या वर म्हणजे मध्यम दाट. आंतरराष्ट्रीय मापपट्टीत ० ते ७ अशा पातळ्या आहेत. 'जरा दाटसर द्या' हे प्रत्येक स्वयंपाक्याला वेगळं समजतं, आणि पातळ गेलं तर ते फुप्फुसात उतरतं.

हिशेबनीस

अवांतर वाटेल, पण नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो, या शाखेच्या मुलांनाही. वर कोणी विचारलं नाही तरी ते येणारच : 'हे पोषणवाले दर वर्षी मत बदलतात, काल अंडं वाईट, आज चांगलं.'

अंड्याचंच घ्या. आहारातल्या कोलेस्टेरॉलवर दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत वर्षानुवर्षं होती, ती २०१५-२०च्या आवृत्तीत आकडा म्हणून काढली. कारण बहुतेकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर आहारातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम मोठा दिसला. मत लहरीने बदललं नव्हतं.

दुसरं उदाहरण मी प्रत्येक बॅचला देतो. भूमध्य सागरी आहाराची स्पेनमधली मोठी चाचणी, प्रेडिमेड. निष्कर्ष २०१३ला आले, जगभर गाजले. पुढे कळलं की काही सहभागींची गटांत वाटणी खरोखर यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती, एका घरातली माणसं एकाच गटात टाकलेली, एका केंद्रात तर अख्खे दवाखानेच एका गटात. २०१८ला लेखकांनी शोधनिबंध मागे घेतला आणि नव्याने विश्लेषण करून पुन्हा छापला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली, भाषा सौम्य झाली. मी मुलांना विचारतो, आता तुम्ही रुग्णाला काय सांगाल? वर्गात तासभर वाद होतो आणि मला बोलावंच लागत नाही.

याउलट २०१९चा संशोधक केव्हिन हॉल यांचा प्रयोग. २० माणसं संशोधन केंद्रातच राहायला आणली, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, वाटेल तेवढं खा. पुढ्यात ठेवलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, चरबी, तंतू सारखे ठेवलेले. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती. माणसं थोडी, काळ थोडा, पण प्रत्येक घास मोजलेला. प्रेडिमेडमध्ये हजारो माणसं आणि वर्षानुवर्षांचा काळ, पण घरी कोण काय खातंय यावर ताबा नाही. कुठल्या प्रकारचा पुरावा कशासाठी चालतो हे ओळखणं, एवढं जरी पदवीत शिकलात तरी व्हॉट्सॲपवरचे निम्मे संदेश वाचायची गरज उरत नाही.

सावळागोंधळ

सगळे रुग्णालयातच अडकलेत, म्हणून समाज-पोषणाबद्दल लिहितो. माझं काम त्या बाजूचं.

फॉलिक आम्लाची गोष्ट. १९९१ला ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मदोष होता अशा स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिलं, तर पुन्हा तो दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. एवढा स्वच्छ निकाल पोषणात क्वचित मिळतो. मग सगळ्यांना गोळ्या वाटा, प्रश्न मिटला? नाही. गर्भात ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचंच कळलेलं नसतं. कळून दवाखान्यात येईपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून अनेक देशांनी पिठातच फॉलिक आम्ल घालायचा मार्ग धरला.

इथे एका व्यक्तीला सल्ला देऊन भागत नाही. कुठलं पीठ लोक खरंच खातात, गिरणी किती मोठी, घातलेलं पोषकद्रव्य साठवणीत टिकतं का, हे बघावं लागतं. ज्यांना माणसांशी एकेकट्याने बोलायचा कंटाळा आहे पण विषय आवडतो, त्यांच्यासाठी ही वाट आहे. शिवाय खेळाडूंचं पोषण, संस्थांची मोठी स्वयंपाकघरं, अन्न उद्योग, संशोधन. सुरुवातीचे पगार मात्र अभ्यासाच्या मानाने कमी असतात, ते आधीच सांगितलेलं बरं.

मुग्धमुद्रा

थोडं नाजूक लिहिते. मी हा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षी सोडला. खाण्याशी माझं नातं आधीपासून बिघडलेलं होतं, आणि रोज स्वतःचं खाणं मोजून लिहायचं, वर्गात वजन-उंची-चरबी मोजायची, यात ते आणखी बिघडलं. विषयाचा दोष नाही. पण खाण्याचा विकार असलेली मुलं या शाखेकडे ओढली जातात, हे शिक्षकांनाही माहीत असतं. काही ठिकाणी स्वतःऐवजी बनवलेल्या केसवर प्रात्यक्षिक करायची मुभा असते. प्रवेशाआधी विचारून ठेवावं.

रानजाई

मुग्धमुद्रा, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे आता मोजमापं काल्पनिक केसवर किंवा स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांवरच होतात. तशी मुभा मागणाऱ्याला कारण विचारू नये, असं माझं मत.

खटपट्या

बाप रे, एवढं अपेक्षितच नव्हतं. सगळं प्रिंट काढून मेव्हण्यांना दिलं. कॉलेज कसं निवडायचं ते कुणी सांगेल का?

वॉर्डातली_ताई

आधी हे विचारा : प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे, देखरेखीखालचे तास किती आणि कुठे? आहारतज्ज्ञ संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची किमान अपेक्षा पदवी आणि ५०० तासांची आहे. तास पदवीतच धरलेले आहेत की नंतर वेगळी इंटर्नशिप शोधावी लागते, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. तास 'निरीक्षणा'चे की स्वतः केस हाताळायचे, हेही विचारा. नुसतं सिनियरच्या मागे वही घेऊन फिरणारी मुलं मी पाहिली आहेत.

नंतर नोंदणीचं. जिथे काम करायचं तिथे या पदवीवर आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणी होते का? ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय 'डाएटिशियन' लावता येत नाही, 'न्यूट्रिशनिस्ट' मात्र कुणीही लावू शकतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२४पासून नोंदणीच्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी लागते, नुसती पदवी चालत नाही. पदवीच्या नावात 'पोषण' आहे म्हणून नोंदणी होतेच असं नाही, बरीच मुलं इथे फसतात.

हिशेबनीस

आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्राचार्यांना नको.

उंटावरचा_शहाणा

एक प्रामाणिक प्रश्न, चेष्टा नाही. हे सगळं एखादं ॲप किंवा एआय करणार नाही का आता? सूत्र, टक्केवारी, फीडचे मिली?

काठावर_पास

गुणाकार करेल की, आताही एक्सेल करतंच. पण त्यात वजन कुठलं घालायचं? पायाला सूज असलेल्या रुग्णाचं आजचं वजन, सूज येण्याआधीचं, की पाय कापलेला असेल तर दुरुस्त केलेलं? आकडा चुकीचा घातला तरी ॲप बिनबोभाट उत्तर देतं. आम्हाला परीक्षेत मुद्दाम अशीच केस देतात.

खटपट्या

भाचीचा शेवटचा प्रश्न, ती शेजारी बसून टाईप करायला सांगतेय : रक्त बघून तिला भोवळ येते. चालेल का?

वॉर्डातली_ताई

रक्त काढावं लागत नाही, रिपोर्ट वाचावा लागतो. पण वॉर्डात फिरावं लागतं. जखमा, नळ्या, उलट्या, वास हे सगळं असतंच, आणि अंथरुणावरच्या रुग्णाला पाठीला जखम झाली आहे का हे विचारावंच लागतं, कारण त्यावर प्रथिनांची गरज ठरते. दंडाची जाडी मोजायला माणसाला हात लावावा लागतो. बहुतेकांना काही आठवड्यांत सवय होते. तिला म्हणावं, प्रवेशाआधी ओळखीतून एखाद्या आहारतज्ज्ञासोबत अर्धा दिवस वॉर्डात फिरता येतं का बघ, रीतसर परवानगी काढून. हवं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.